चौथ्या मजल्यावरचं हसू

मार्चमधल्या एका रविवारी सोसायटीच्या महिला मंडळानं हॉलमध्ये एका डॉक्टरीणबाईंना बोलावलं होतं. विषय होता, लग्न झालेल्या बायकांच्या मनाचं आरोग्य. दहिवलीतली ही सोसायटी तशी नवी, चार मजल्यांच्या सहा इमारती. बायका कुठून कुठून लग्न होऊन आलेल्या. बऱ्याचजणी विषयापेक्षा नंतरच्या बटाटेवड्यांच्या ओढीनं आल्या होत्या. बाईंनी प्रत्येकीला एक कागद दिला. त्यावर नऊ प्रश्न होते. झोप लागते का, जेवण जातं का, कशात मन रमतं का, आपण कुणालाच नको झालोय असं वाटतं का. नाव लिहायचं नव्हतं.

ईशानीनं तीन मिनिटांत कागद भरला. तिला लपवण्यासारखं काही नव्हतंच. कर्जतच्या बाजारातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती सकाळी आठ ते एक काम करायची. म्हाताऱ्या माणसाची सुकलेली नससुद्धा तिच्या बोटाला पहिल्या खेपेत सापडे. नवरा देवव्रत खोपोलीकडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता, नऊ वर्षांची सानवी शाळेत जात होती, माहेर नदीपल्याड मुद्र्याला. उशीला डोकं टेकलं की ईशानी झोपायची आणि हसायची ती खळखळून. त्या हसण्याच्या शेवटी उचकीसारखा एक बारीक हुंकार यायचा. देवव्रत म्हणायचा, "मी लग्न केलं ते त्या हुंकाराशी."

कागद परत देताना तिनं मागच्या रांगेत पाहिलं. वरच्या, चौथ्या मजल्यावरची हर्षला पेन हातात धरून बसली होती. कागद कोरा. पेनाचं टोपणसुद्धा काढलेलं नव्हतं.

हर्षला पेज नदीकाठच्या एका गावातली, शेतकऱ्याची लेक. सत्तावीस वर्षांची. नवरा साईराज खालापूरच्या एका गोदामात सुपरवायझर. बाळंतपणाला चार महिने झाले होते, आणि बाळ होतं तिच्या आईकडे, गावाला. सोसायटीत कुजबुज चालायचीच. "पोटच्या गोळ्याला जवळ घेत नाही म्हणे. दूध बाटलीनं पाजायला लावते, तेही दुसऱ्याच्या हातून. आईला माया नसते का हो कधी?"

ईशानीला असल्या बोलण्याचा संताप यायचा. तिनं रिपोर्ट पाहिलेले होते, बाळंतपणानंतर बायकांचं काय होतं ते तिला ऐकून ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी दुपारी ती लॅबमधून आली आणि मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन वर गेली.

दार उघडंच होतं. हर्षला पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. खोलीत न उघडलेल्या खिडक्यांचा कोंदट वास. ईशानी तिच्या शेजारी बसली, आणि काही सुचेना म्हणून तिनं तिचा हात हातात घेतला. हात गार होता. फ्रिजमधून काढलेल्या काचेच्या नळीसारखा.

"नका बसू ताई," हर्षला म्हणाली.

"का गं? मी काय तुला खाते?"

हर्षलानं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. पण तेवढीही शक्ती तिच्यात नव्हती. मग ती तशीच बसून राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

त्यानंतर ईशानी रोज जाऊ लागली. एप्रिल गेला, मे गेला. तिनं हर्षलाला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, गोळ्या सुरू करवल्या, वेळेवर घ्यायला लावल्या. पण तिच्या मते खरा गुण होता तो शेजारी बसण्याचा. ती हात धरून बसायची, लॅबमधल्या गमती सांगायची, हसायची. मेच्या शेवटी हर्षलानं स्वतःहून चहा टाकला. जूनमध्ये खिडक्या उघडल्या. जुलैत बाळ गावाहून आलं आणि सगळ्या इमारतीनं पाहिलं, की हर्षला त्याला छातीशी घट्ट धरून गॅलरीत उभी आहे. बायकांनी ईशानीला म्हटलं, "पुण्य पदरात पडलं गं तुझ्या."

ईशानीलाही तसंच वाटलं. फक्त त्याच सुमारास तिला पहाटे तीनला जाग येऊ लागली होती.

सुरुवातीला तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. उकाडा असेल, वय असेल. मग एक दिवस आमटी करताना तिनं चव घेतली आणि मीठ घातलं. पुन्हा चव घेतली, पुन्हा घातलं. जेवताना सानवीनं घास थुंकला. "आई, खारट विष झालंय!" देवव्रत गटागट पाणी प्यायला. ईशानीनं वाटीभर आमटी पिऊन पाहिली. तिला नुसतं कोमट पाणी लागलं.

ती लॅबमधली बाई. तिनं आपलं रक्त आपणच काढलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी बारा, डी. सगळं जागच्या जागी. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. पुन्हा तेच. कागदावर ती ठणठणीत होती आणि रोज सकाळी अंथरुणावरून पाय खाली ठेवायला तिला अर्धा तास लागत होता.

श्रावणातल्या एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून होती. भाजी चिरायला घेतलेली, सुरी हातात तशीच. कितीतरी वेळ. खाली कंपनीची बस थांबल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं देवव्रत दार उघडून आत आला, आणि त्याचा चेहरा उजळलेला होता.

"कुणाशी बोलत होतीस गं? किती दिवसांनी हसलीस. जिन्यापर्यंत ऐकू आलं."

"मी?"

"मग? तो हुंकार काय दुसऱ्या कुणाचा?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आणि तेवढ्यात तो पुन्हा आला. वरून, गॅलरीतून. खळखळून हसणं, आणि शेवटी उचकीसारखा तो बारीक हुंकार. हर्षला बाळाला खेळवत होती.

देवव्रत ओशाळला. "अगं, रोज तुझ्यासोबत बसून बसून लागली असेल सवय. माणसं उचलतात."

ईशानीनं अर्धवट चिरलेली भाजी पुढे ओढली. पण त्या दिवसापासून एक गोष्ट तिच्या लक्षात येऊ लागली. कामावरून आल्यावर देवव्रत गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा. हातात मोबाइल असायचा, पण बोट हलायचं नाही. वरून हसू आलं की त्याच्या चेहऱ्यावर एक जुनी ओळख पसरायची. तो परक्या बाईकडे बघत नव्हता. वर मान करूनही त्यानं कधी पाहिलं नसेल. तो आपल्या बायकोचं हसणं ऐकत होता. यावर भांडायचं तरी कसं? दुसरी बाई असती तर ईशानीनं तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. इथे दुसरी बाईही तीच होती, आणि तिलाच तिथे शिरकाव नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, गोळ्या दिल्या. "गुण यायला काही आठवडे लागतील. धीर धरा," त्या म्हणाल्या. ईशानी गोळ्या घेत होती. हर्षलाला जशी घ्यायला लावायची, तशीच, घड्याळ लावून.

पण तिचं लक्ष आता वर लागलेलं असे. छताकडे बघत ती पडून राही. वरच्या मजल्यावरची पावलं झपझप चालत. ही माझी चाल, ती मनात म्हणे. फोडणीचा खमंग वास खिडकीतून येई आणि तिला कळे, की लसूण आधी आणि मोहरी नंतर, ही खोड तिच्याच हाताची. दुपारी अडीचला वर सगळं शांत होई. हर्षला झोपलेली असे. ती माझी झोप, माझी, दहा मिनिटांत लागणारी, स्वप्न नसलेली. आपल्या दागिन्यांनी मढून कुणी आपल्याच दारात उभं राहावं, तशी तिची तडफड होई. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून लावलेली इंजिनं स्टेशनात घरघरत, आणि ती घरघर ऐकत ती जागी असे.

नवरात्रात हॉलसमोर भोंडला झाला. मंडळाच्या बायका येऊन ईशानीला जवळजवळ उचलूनच खाली घेऊन गेल्या. पाटावर हत्ती मांडला होता, बायका फेर धरत होत्या. तिची मालतीआत्याही मुद्र्याहून मुद्दाम आली होती. नेहमीची गाणी झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "हर्षला, तू म्हण ना एक. गावाकडचं."

हर्षला फेराच्या मध्ये आली. निळी साडी, केसांत शेवंती. तिनं टाळी वाजवली आणि म्हटलं,

"भोपळ्याच्या वेलीला लागली पिवळी घंटा,
ईशूच्या नाकावर गं बसला सांजचा तंटा."

बायका हसल्या. मालतीआत्या हसली नाही. तिनं ईशानीचा दंड धरला.

"हे तिला तू शिकवलंस?"

ईशानीनं मान हलवली. नाही. हे गाणं कुठलंच नव्हतं. चार वर्षांची ईशू संध्याकाळी किरकिरायची, तेव्हा मालतीआत्यानं परसात भोपळ्याच्या मांडवाखाली तिला खांद्यावर घेऊन जुळवलेल्या त्या दोन ओळी. ईशानीला स्वतःलाही त्या तीस वर्षांत आठवल्या नव्हत्या. आता, हर्षलाच्या तोंडून ऐकतानाही, तिला त्या आठवत नव्हत्या. आत्याचा चेहरा पाहून कळलं, इतकंच.

तो मांडव, तो भोपळा, आत्याचा खांदा, यातलं काहीतरी ती डोळ्यांपुढे आणायला बघत होती. तिथे भिंतीसारखं पांढरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चौथ्या मजल्यावर गेली. जिन्याच्या सोळा पायऱ्यांना तिला दोनदा थांबावं लागलं.

हर्षला बाळाला तेल लावत होती. ईशानीला पाहताच तिनं बाळाला दुपट्यात गुंडाळून आतल्या खोलीत ठेवलं आणि मधलं दार ओढून घेतलं. मग ती येऊन उभी राहिली. बसली नाही.

"बस," ईशानी म्हणाली.

"ताई..."

"बस म्हणते ना! मी तुझ्यापाशी दोन महिने बसले."

हर्षला बसली. पलंगाच्या दुसऱ्या टोकाला. ईशानी सरकली आणि तिनं तिचा हात धरला, दोन्ही हातांनी, नखं रुतेपर्यंत. हात ऊबदार होता. तिनं डोळे मिटून घेतले. दे, ती मनात म्हणत होती. दे, दे माझं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दहा मिनिटं सरकला. काही झालं नाही. खाली कुणाची तरी स्कूटर सुरू झाली आणि गेली.

"असं नाय होत, ताई," हर्षला हळूच म्हणाली. तिनं हात सोडवून घेतला नव्हता. "मी पन बसून पायलं होतं. मोठ्या वहिनीपाशी. असाच हात धरून."

"कोण वहिनी?"

"गावची. भावाची बायको. ती आजारी होती तवा मी बसायची तिच्याजवळ. पोटुशी होते मी. ती बरी झाली." हर्षला दाराकडे बघत बोलत होती. "मंग मी गेले होते मागायला. ती बिचारी रडली नुसती. तिच्या हातात काय नव्हतं."

"आणि मग?"

"मंग काय. तुमी आलात."

ईशानीनं तिचा हात सोडला. "तुला माहीत होतं. तू मला बसू दिलंस."

"मी नको म्हनले होते तुमाला." हर्षलाचा आवाज फुटला. "पयल्याच दिवशी म्हनले होते. पुन्यांदा म्हनायची ताकद नव्हती, ताई. आनि खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी तुमी यायची मी वाट बघत होते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पन बाळाला नाय घेतलं मी. आठ महिने नाय. त्याला गावाला धाडला. लोक काय काय बोलले, आईला माया नाय म्हनले. बोलू दिलं. ते आपनहून जवळ येतं ना ताई, लेकरू. मायेनं येतं. त्याला काय कळतंय."

आतून बाळ हसल्यासारखा आवाज आला. हर्षलाचा चेहरा तिकडे वळला, आणि त्या चेहऱ्यावरचं ते भरलेपण ईशानीनं पाहिलं.

"सानवीला जपा," हर्षला म्हणाली.

ईशानी खाली आली. तिनं यातल्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. अडाणी बायकांचं बोलणं, असं तिनं स्वतःला बजावलं. आजार असा अंगावरून अंगावर जात नाही, रक्तात काही सापडलेलं नाही. तरी त्या रात्रीपासून तिनं सानवीचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. सानवी गळ्यात पडायला आली की ती हात आडवा धरी. "लांब हो जरा. डोकं दुखतंय." पोर दारात थबके, पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत उभी राही आणि निघून जाई. देवव्रत एकदा चिडलाच. "तिनं काय केलंय गं तुझं?"  हर्षलानं आठ महिने काढले होते. आपण तिच्यापेक्षा कमी नाही, हे तिला सिद्ध करायचं होतं, निदान एवढ्या एका बाबतीत तरी.

तिनं सात आठवडे काढले.

दिवाळी होऊन गेली. शाळा पुन्हा सुरू झाली. सानवी शाळेतून आली की दप्तर टाकून सरळ वर जायची, बाळाशी खेळायला. वरून दोघींचं हसू यायचं, एक मोठं आणि एक लहान. लहान हसण्याच्या शेवटीही तो हुंकार असायचा. तो तिला आईकडून आला होता. आता वर तो जोडीनं वाजत होता.

एक दिवस सानवी साडेपाचला खाली आली. केसांची वेणी घातलेली होती. चार पेडांची, शेवटचा पेड आतून घेतलेली. ही वेणी ईशानीच्या आईची. कर्जतात दुसरं कुणी अशी घालत नव्हतं.

"कुणी घातली?"

"आईनं," सानवी म्हणाली. मग जीभ चावली. "म्हणजे, हर्षला काकूनं."

ईशानी बघत राहिली. सानवीच्या कानामागे पावडर लावलेली होती. ओठाच्या कडेला गुळाचा कण होता. पोर तृप्त दिसत होती, जशी आईच्या हातून सुटून आलेली पोर दिसते.

बाहेर गॅलरीत देवव्रतची खुर्ची करकरली.

ईशानीच्या छातीत काहीतरी उलटं फिरलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिथे काहीतरी हललं होतं, आणि ते मायेचं नव्हतं.

"सानू," ती म्हणाली. "ये गं. बस माझ्याजवळ."

सानवीला खरं वाटेना. "तुझं डोकं दुखतंय ना?"

"हो."

"मग दाबून देऊ?"

नाही म्हणायला वेळ होता. चांगला, भरपूर वेळ होता. सानवी दारापासून पलंगापर्यंत सात पावलं चालत आली.

ईशानी भिंतीकडे सरकली आणि तिनं जागा करून दिली.

पोरीनं दोन्ही पाय वर घेतले, आईचं डोकं मांडीवर ओढलं. छोटे, ऊबदार तळवे कपाळावर आले. "बरं वाटतंय?" तिनं विचारलं. "आणखी बसू?"

"बस," ईशानी म्हणाली.

ती सोमवारची गोष्ट. मंगळवारी सानवी पुन्हा बसली, बुधवारीही. वर जायचं तिनं सोडूनच दिलं.

महिनाभरानं ईशानीनं आमटीत मीठ घातलं आणि ते बरोबर पडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघा, गोळ्यांचा गुण आला ना." देवव्रतनं गॅलरीतली खुर्ची आत आणली. जिन्यात हर्षला समोर आली, तेव्हा तिनं ईशानीकडे एकदाच पाहिलं, बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि भिंतीला चिकटून वर निघून गेली.

जानेवारीतल्या एका सकाळी ईशानी गाणं गुणगुणत डबा भरत होती. खाली शाळेच्या बसनं हॉर्न दिला. एकदा, मग दुसऱ्यांदा.

"सानू, आटप गं!"

उत्तर आलं नाही. ती खोलीच्या दारात आली. सानवी पलंगाच्या कडेला बसली होती. गणवेश घातलेला, वेणी घातलेली. एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात. ती भिंतीकडे बघत होती. अशी ती किती वेळ बसली होती, कुणास ठाऊक.

ईशानीचं गुणगुणणं थांबलं नाही. तिनं तो मोजा लेकीच्या हातातून घेतला आणि उभ्या उभ्याच, कमरेत वाकून, तिच्या पायात चढवला. पाय गार होता.

शेजारी पलंगावर बसायला पुष्कळ जागा होती.